लॉगबुकात नसलेला रकाना

(अंबाजोगाईत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षसाहेब, डीनसाहेब, जमलेली डॉक्टर मंडळी, आणि मागच्या दोन रांगांतली रेसिडेंट, म्हणजे रुग्णालयात राबत एमएस-एमडी शिकणारी, पोरं-पोरी. तुम्ही मागं का बसलात ते मला कळतं. पोस्ट-ड्यूटी माणसाला टेकायला भिंत लागते. झोपलात तरी माझी हरकत नाही, फक्त घोरू नका. माझ्या भाषणात घोरायचा मान अध्यक्षांचा असतो.

पत्रिकेत विषय छापलाय 'सर्जन कसा घडवावा'. हा विषय मी दिलेला नाही. मला लॉगबुकावर, म्हणजे रेसिडेंट आपल्या शस्त्रक्रिया ज्या वहीत नोंदवतो तिच्यावर, बोलायचं होतं, पण संयोजक म्हणाले, लॉगबुकावर माणसं येणार नाहीत. आता तुम्ही आलेलाच आहात, तेव्हा लॉगबुकावरच बोलतो.

त्याआधी थोडं मागचं. युनिटातली उतरंड, खाली जेआर वन म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, वर साहेब, या रीतीचं मूळ बरंचसं अमेरिकेतल्या बाल्टिमोरला. १८८९ साली तिथं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं आणि हॉल्स्टेड नावाच्या सर्जननं ही घडी बसवली. पोरांनी राहायचं रुग्णालयातच, लग्नाचं नाव काढायचं नाही, आणि किती वर्षांनी सुटका होईल ते साहेबांच्या मर्जीवर. भरती व्हायचे बरेच, शेवटपर्यंत टिकायचा एखादा. माणूस असामान्य होता. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे त्याच्यामुळं आले. पण तो आधी कोकेनच्या आणि पुढं मॉर्फिनच्या आहारी गेलेला होता, हेही चरित्रकारांनी लिहून ठेवलंय. तेव्हा 'आमच्या वेळी आम्ही छत्तीस-छत्तीस तास उभे असायचो' असं सांगणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनी जरा जपून बोलावं. ज्यानं ही जागरणाची रीत घालून दिली, त्याची सोय वेगळी होती.

(हशा)

आपल्या सरकारनं १९९२ साली लिहून ठेवलंय की रेसिडेंटला सलग बारा तासांपेक्षा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम सहसा देऊ नये. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३च्या नियमावलीत 'वाजवी' तास असा शब्द आहे. वाजवी म्हणजे किती, ते युनिटहेडला विचारायचं. आणि युनिटहेडला विचारायची हिंमत ज्याच्यात आहे, तो सर्जरीला येतच नाही, तो स्किनला जातो.

बरं. मुद्दा लॉगबुकाचा. पण मामांची गोष्ट सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. ज्यांनी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐकावी.

मी एका सरकारी रुग्णालयात लेक्चरर होतो. नाव सांगत नाही, मराठवाड्यातलंच. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंगला एक मामा होते. वर्ग चारचा माणूस, शिक्षण सातवी, डोक्याला कायम पांढरी टोपी. नवी बॅच आली की साहेब लोक पोरांना पुस्तकांची यादी द्यायचे आणि मामा त्यांना ड्रेसिंगच्या ट्रॉलीमागं उभं करायचे. पट्टी सोडायच्या आधी वास घ्यायला लावायचे. पट्टीवर हिरवट डाग आणि गोडसर वास असला की मायक्रोबायॉलॉजीचा रिपोर्ट यायच्या दोन दिवस आधी म्हणायचे, "हिरवं आलंय बगा, खाट बाजूला घ्या." रिपोर्टात सुडोमोनास, तोच हिरवा पू करणारा जंतू.

दिवाळी उलटून कारखान्यांचे बॉयलर पेटलेले. पाटोद्याकडचा एक ऊसतोड्या पर्फोरेशन घेऊन आला. तुम्हाला ही केस पाठ आहे. कंबर धरते म्हणून पहाटे रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी, वर बिडी, जेवणाचा पत्ता नाही, मग एक दिवस आतड्याच्या तोंडाशी भोक. फडातून उचलून मुकादमानं आधी गावच्या डॉक्टरला दाखवलं, तिथं सलाईन, मग तालुक्याला, तिथून आमच्याकडं. तिसऱ्या दिवशी. पोट फळीसारखं. रात्री दोनला ऑपरेशनला घेतला. चरबीचा पदर भोकावर बसवून टाके मारायचे, टोरंटोच्या ग्रॅहमनं १९३७ साली लिहिलेली रीत, आपण आजही तीच करतो. पोट धुतलं, ड्रेन टाकले. मोठं काम झालं, मोठ्या साहेबांनी हातमोजे काढले, 'क्लोज करून घ्या' म्हणाले आणि चहाला गेले. पोट शिवायला उरला जेआर वन. पहाटेचे चार वाजलेले, सुटी नाही घेतलेली, आणि समोर लांबलचक चीर.

सहाव्या दिवशी सकाळी पट्टी भिजलेली होती. पोरानं केसपेपरवर लिहिलं, 'ड्रेसिंग सोक्ड. चेंज्ड.' चार शब्दही नाहीत. पुढच्या खाटेवर गेला. मामा तिथंच थांबले. पट्टी हातात घेऊन खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, ह्याचं पाणी गुलाबी यायलंय. ह्याला उठू देऊ नका."

पोरगा रात्रीचा जागा. तो तडकला. "मामा, डॉक्टर तुम्ही का मी?"

"तुम्हीच की साहेब. मी निस्ता पाहायलोय."

आणि मामांनी काय करावं? सिस्टरला न विचारता निर्जंतुक पॅड काढले, सलाईनची बाटली फोडून ते भिजवून ठेवले, आणि त्या माणसाच्या खाटेला पाठ लावून उभे राहिले. त्याला लघवीला जायचं होतं. मामा म्हणाले, "इथंच कर, मी भांडं देतो." तो लाजला. बायको शेजारी होती, तीही म्हणाली, जाऊ द्या की. मामा हलले नाहीत. तेवढ्यात त्याला खोकला आला. बिडीचा खोकला, आतून येणारा. पट्टीखालून आतडं बाहेर. मामांनी ओले पॅड वर ठेवले, दोन्ही हातांनी धरले आणि ओरडले. मी दुसऱ्या युनिटच्या राउंडला होतो, धावत आलो तर पोरगा पांढराफटक आणि मामा त्याला सांगताहेत, "साहेब, थेटरला फोन करा, मी धरलंय."

पाचव्या ते आठव्या दिवसादरम्यान जखमेतून गुलाबी पाणी आलं की पोट आतून उसवतंय असं समजा, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात आहे. त्या पोरानं ते अधोरेखित केलेलं असणार. पण पुस्तकातलं गुलाबी आणि पट्टीवरचं गुलाबी यांची गाठ त्याला कोणी घालून दिली नव्हती. मामांनी ती वॉर्डात घालून दिली.

(त्या मामांची जागा पुढं भरलीच नाही. आता कंत्राटी पोरगा असतो. अकरा महिन्यांनी बदलतो. ट्रॉली ढकलणं शिकेपर्यंत त्याचा करार संपतो. हे माझं दुसरं भाषण आहे, ते पुन्हा कधी बोलावलंत तर करीन.)

पेशंट वाचला. पोट धरून ठेवणारे टेन्शन टाके घातले, पंधरा-वीस दिवसांनी घरी गेला. युनिटहेड म्हणाले, वाचला ना, पुढं चला. मीटिंग नाही, चर्चा नाही. त्या पोराच्या लॉगबुकात नोंद राहिली: एक्स्प्लोरेटरी लॅपरोटमी (पोट उघडून पाहणं), मदत केली, सही. पोट उसवलं त्याची नोंद नाही. कशी असणार? लॉगबुकात रकाने असतात तारीख, नोंदणी क्रमांक, निदान, शस्त्रक्रिया; आणि मग तुम्ही ती पाहिली, तिच्यात मदत केली, देखरेखीखाली केली का स्वतंत्रपणे केली. पेशंटचं पुढं काय झालं, असा रकाना छापलेलाच नाही.

आणि पुढं झालं होतं. तो माणूस पुढच्या हंगामात परत कोयता घेऊन गेला, कारण मुकादमाची उचल फिटायची होती. चिरेच्या जागी हर्निया झाला. वर्षभरानं त्याच्या बायकोनं त्याला ओपीडीत आणलं, ते माझ्या युनिटच्या दिवशी. शर्ट वर केला तर नारळाएवढा फुगा. ज्यानं ते पोट शिवलं होतं तो पोरगा तोवर दुसऱ्या कॉलेजला गेलेला. आज तो मोठ्या शहरात फार चांगलं काम करतो. आपण शिवलेलं एक पोट वर्षभरानं कसं दिसत होतं, हे त्याला माहीत नाही.

चिठ्ठी आली. अध्यक्ष पाच मिनिटं म्हणतात. म्हणजे ज्यासाठी मला बोलावलं ते आता पाच मिनिटांत. चला.

माझं म्हणणं एवढंच की लॉगबुकात तो रकाना छापा. तिसाव्या दिवशी पेशंट कसा आहे, ते ज्यानं टाके घातले त्यानं स्वतः विचारून लिहायचं. ही कल्पना माझी नाही, बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनची चोरलेली आहे. शंभर वर्षांपूर्वी तो प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचा आणि वर्षभरानं विचारायचा, बरा आहेस का, नसलास तर का नाहीस. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात त्याचं जमेना, १९१४ साली राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातले १९११ ते १९१६ मधले ३३७ पेशंट आणि त्यांत आढळलेल्या १२३ चुका त्यानं छापून टाकल्या. सहकाऱ्यांनी त्याला वाळीत टाकलं. आपल्याकडं तर बदलीच झाली असती.

तीसच दिवस का? कारण शस्त्रक्रियेच्या जखमेतला जंतुसंसर्ग आपण सहसा तीस दिवसांपर्यंत मोजतो, आणि आपला पेशंट सात-आठ दिवसांत घरी जातो. बऱ्याच जखमा त्यानंतर बिघडतात. टाके काढतो गावचा डॉक्टर, पू पाहतो तोच, आणि आपल्याला वाटतं आपलं थिएटर फार स्वच्छ आहे. हर्नियाला तर तीस दिवसही पुरत नाहीत. नेदरलँड्समध्ये पोट शिवण्यावर अभ्यास झाला, २०१५ साली आला. सेंटिमीटरभर अंतरावरचे मोठे टाके का पाच-पाच मिलिमीटरचे लहान, एवढाच प्रश्न. नियोजित शस्त्रक्रियांचे पेशंट, आपल्यासारखी रात्रीची पर्फोरेशनं नव्हेत. वर्षभरानं मोठ्या टाक्यांत २१ टक्के हर्निया, लहान टाक्यांत १३. थिएटरमधून बाहेर पडताना दोन्ही पोटं सारखीच छान दिसतात. फरक कळला तो वर्षभरानं पेशंट परत बोलावले म्हणून. जेनकिन्स नावाच्या सर्जननं १९७६ सालीच सांगितलं होतं की धागा चिरेच्या किमान चौपट लागला पाहिजे. पहाटे चारला तो धागा कोण मोजतंय? म्हणून दुसरी मागणी: पोट शिवेपर्यंत सीनियरनं हातमोजे काढायचे नाहीत.

आता अडचणी, भराभर. पेशंट सापडत नाही म्हणता. केसपेपरवर एकच नंबर असतो, तो नवऱ्याचा, आणि रिचार्ज संपलेला. बायकोचा घ्या, पोराचा घ्या, टोळीवर जाणार असेल तर मुकादमाचा घ्या. मुकादमाचा फोन कधी बंद नसतो. विचारायचं तीनच गोष्टी: टाक्यातून पाणी येतं का, ताप येतो का, खोकलल्यावर चिरेपाशी काही फुगतं का. 'कसं वाटतं' असं विचारू नका, आपला माणूस 'बरंय' म्हणतो आणि फोन ठेवतो. डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून, गेलेल्यालाही फोन करा, तो तर आधी. जिल्हा रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयात काम करायचे, तीन महिने आता सगळ्यांनाच सक्तीचे आहेत. पोरं तिथं जाऊन सोनोग्राफीचे कागद लिहितात. त्यांना आपलेच जुने पेशंट तपासायला द्या ना! गेवराईचा पेशंट बीडच्या जिल्हा रुग्णालयात बोलवायचा, त्याला इथवर एसटीनं यायला लावायचं नाही. महिन्यातून एकदा ते रकाने युनिटसमोर मोठ्यानं वाचायचे, साहेबांच्या केसपासून सुरुवात. साहेबांच्या केस वगळल्या तर हा कार्यक्रम तिसऱ्या महिन्यात बंद पडेल, हे मी आजच लिहून देतो.

पोरं म्हणतील, सर, अजून एक काम. बरोबर आहे. रक्तपेढीतून पिशव्या आणणं, रिपोर्टांच्या खिडकीसमोर उभं राहणं, एक्स-रेला स्ट्रेचर ढकलणं, यात जेआर वनचे रोजचे तास जातात. ते काम आधी काढून घ्या, मग फोन करायला सांगा. काढून कोणाकडं द्यायचं, हे डीनसाहेबांनी सांगावं. ते पहिल्या रांगेतच आहेत, आणि माईक मी त्यांच्याकडंच देतो.