पुढच्या दोन चाकांचं ओझं

(साताऱ्यातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेतलं व्याख्यान, थोडं संपादित करून. वक्ते तीस वर्षं औद्योगिक वसाहतीत गॅरेज चालवतात.)

नमस्कार मंडळी. काल याच मंचावर संतवाङ्मयावर व्याख्यान झालं आणि आज हाताच्या रेषांत ग्रीस बसलेला माणूस उभा आहे. संयोजकांचं धाडसच म्हणायचं. विषय आहे, जोरात पळणारी छोटी टर्बो गाडी निवडायची कशी. पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांना वाटेल, हा पोरांचा नाद. पण डाउन पेमेंट तुम्हीच भरता, तेव्हा तुम्हीही ऐका.

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलबाजार भरतो. वडील मला लहानपणी तिथं न्यायचे. खोंड घ्यायला आलेला नवखा माणूस शिंगं बघतो, रंगावर भाळतो, वशिंडावर हात फिरवतो. वडील आधी खाली बसायचे आणि खूर बघायचे. मग दात, मग छाती. खूर बघून उठले की निम्मा सौदा त्यांच्या मनात झालेला असायचा. मी गाडीकडं त्याच सवयीनं बघतो. पोरं आधी विचारतात, किती बीएचपी, म्हणजे घोडे किती? मी आधी खाली बसतो.

कारण सांगतो. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तोवर आपली अॅम्बेसेडर काय, पद्मिनी काय, मागून ढकलत चालायची. मारुतीनं इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी बसवला, मागच्या चाकांपर्यंत जोर नेणारा मधला लांबलचक प्रोपेलर शाफ्ट गेला आणि आत माणसांना जागा झाली. इंजिन आडवं टाकायची ही युक्ती १९५९ च्या ब्रिटिश मिनीनं रूढ केली. पण तिची एक किंमत आहे. पुढच्या दोन चाकांनीच गाडी ओढायची, त्यांनीच वळवायची, आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांनीच सोसायचा. मागची दोन चाकं पाहुण्यासारखी मागून येतात. मारुती ८०० ला हे जड गेलं नाही, कारण सुरुवातीला तिची ताकद चाळीस घोड्यांच्या आतच होती. आता गंमत बघा. तिचं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. ह्युंदाईच्या आजच्या आय ट्वेंटी एन लाइनचं इंजिनही तीनच सिलिंडरचं, ९९८ सीसीचं, आणि ताकद १२० पीएस, हेही घोडेच. म्हणजे तिप्पट. टायर जमिनीला टेकतो ती जागा मात्र तेव्हाही तळहाताएवढी होती, आजही साधारण तेवढीच आहे.

ही तिप्पट ताकद आली कुठून? टर्बोतून. सायलेन्सरकडं वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरतं, त्याच दांडीवरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं. ते चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं, आणि दांडी फिरते ती तेलाच्या पातळ थरावर. हे तेल लक्षात ठेवा, पुढं काम आहे.

आपल्या जिल्ह्यात टर्बोचा आणखी एक फायदा आहे आणि तो ब्रोशरात छापत नाहीत. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे चौदा टक्के कमी असतो. साध्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. पसरणी घाटात चार माणसं आणि एसी घेऊन चढताना जुनी गाडी का रडते, त्याचं हे एक कारण. टर्बो ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतो, थोडा जास्त फिरतो आणि विरळ हवाच दाबून घट्ट करतो. म्हणून मी म्हणतो, टर्बो हा पुण्या-मुंबईच्या सिग्नलवरचा शौक असेल, आपल्याकडं तो कामाचा आहे.

मग आपल्याकडं बहुतेक छोट्या गाड्या हजार-बाराशे सीसीच्याच का? कर. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारनं चार मीटरच्या आतल्या, पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना सवलत दिली. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांना जीएसटी १८ टक्के आणि मोठ्यांना ४०. कंपनीनं हौस करायची तीही या पेटीत बसवून. फियाटनं २०१५ मध्ये पुंटो अबार्थ आणली, ताकद १४५ बीएचपी, जोर म्हणजे टॉर्क २१२ न्यूटन मीटर. काय गाडी होती! पण इंजिन १.४ लिटरचं, म्हणजे पेटीच्या बाहेर. फोक्सवॅगननं २०१६ मध्ये तीन दरवाजांची पोलो जीटीआय थोडक्याच आणल्या. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आली, २६५ पीएस, किंमत पन्नास लाखांच्या वर. ती बघून हात जोडायचे आणि पुढं निघायचं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या पावसाळ्यात एक जुने गिऱ्हाईक पोराला घेऊन गॅरेजवर आले. पोरानं कागदावर तीन गाड्या लिहून आणल्या होत्या. आय ट्वेंटी एन लाइन, १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर. टाटाची अल्ट्रोझ रेसर, १२० पीएस, १७०. आणि सेकंड हँड पोलो १.० टीएसआय, ११० पीएस, १७५. म्हणाला, "काका, तिन्हीत घोडं सारखंच हाय. मग बघायचं काय?" खरंय त्याचं. या आकड्यांवर निवड करणं म्हणजे मोती चौकातल्या दोन दुकानांच्या कंदी पेढ्यांत डावं-उजवं करणं. मी म्हटलं, "घोडं सारखंच हाय लेका, दावं कसं हाय ते बघू."

ट्रायल झाली होती म्हणे. कुठं? हायवेवर, सरळ, चार किलोमीटर. सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात. मी म्हटलं, पुन्हा मागा आणि यवतेश्वरचा घाट चढवा. हिल मॅरेथॉनला पळणारे इथं बसले असतील, त्यांना त्या चढाची चव ठाऊक आहे.

शनिवारी सकाळी निघालो. पाऊस नुकता थांबला होता. पोरगा चालवतोय, मी शेजारी, वडील मागं हँडल धरून. कोणती गाडी ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. एका वळणावर डोंगरातून लाल माती वाहून डांबरावर आली होती. पोरगा दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जेमतेम १४०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. त्यानं स्टिअरिंग वळवलं आणि एक्सलेटर दाबला. काही नाही. अजून दाबला. एक, दोन, आणि मग टर्बो जागा झाला. सगळा जोर एकदम पुढच्या चाकांवर आला, तोही चाकं पुरी वळलेली असताना. आतल्या बाजूचं चाक किर्रर करून जागीच फिरलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा फडफडला आणि गाडी वळायचं सोडून सरळ कठड्याकडं निघाली. मागून आवाज आला, "आरं, पाय काढ!"

त्या दोन सेकंदांत काय झालं ते सांगतो, कारण आजचा सगळा विषय त्यातच आहे. चढावर गाडी जोर घेते तेव्हा वजन मागं जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. वळणात त्यातलंही आतलं चाक आणखी हलकं. साधं डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणारी गिअरची जोडणी, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, पण किती? तर हलक्या चाकाला पेलवेल तेवढाच. हलकं चाक फिरायला लागलं की भरलेल्या चाकालाही जोर मिळत नाही. आपल्या छोट्या गाड्यांत संगणक आतल्या चाकाला हलकासा ब्रेक मारून वेळ निभावतो. परदेशातल्या महागड्या गाड्यांत यासाठी वेगळं डिफरन्शिअल असतं. २०२३ मध्ये होंडा सिव्हिक टाइप आर जर्मनीच्या नुर्बुर्गरिंगवर, वीस किलोमीटरच्या वळणावळणाच्या रेस ट्रॅकवर, ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांत फिरून आली. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत तो विक्रम ठरला. तिच्यात नुसते घोडे नाहीत. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल आहे, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारं, आणि पुढच्या सस्पेन्शनची रचना अशी की जोर आला तरी स्टिअरिंग हातातून ओढलं जात नाही. हे ओढलं जाणं, टॉर्क स्टिअर म्हणतात त्याला. गिअरबॉक्स एका बाजूला असतो, म्हणून दोन चाकांकडं जाणारे एक्सल कमी-जास्त लांबीचे. जोर आला की गाडी एका अंगाला खेचते. लांब बैल आणि आखूड बैल एका जुवाला जुंपल्यासारखं.

तर १७२ की १७० हा प्रश्नच नाही. तो जोर कितव्या आरपीएमला येतो आणि येताना सांगून येतो का, हा प्रश्न आहे. कागदावर आय ट्वेंटीचा पुरा जोर १५०० पासून, इतर दोघींचा १७५० पासून. पण हे आकडे पाय रुतवून ठेवल्यावरचे. पाय दाबला आणि टर्बो जागा झाला, यामधला वेळ कुठंच छापलेला नसतो. तो घाटातच कळतो. मग मी स्टिअरिंगवर बसलो. तेच वळण, तोच गिअर. ब्रेक वळणाआधी संपवला, पाय वळणाच्या आधीपासून अलगद एक्सलेटरवर ठेवला, म्हणजे टर्बो आधीच फिरता राहिला. चाक सरळ होत आलं तसा पाय वाढवला. गाडी गुमान वर गेली. वडील म्हणाले, "असं चालवायचं तर मग टर्बो कशाला?" त्यांना उत्तर पुढच्या सरळ चढावर मिळालं. एसटीला मागं टाकायला एवढीशी जागा होती आणि गाडीनं ती पुरवली.

आता गिअरबॉक्स. श्रावणापासून कासला फुलं बघायला रविवारी जी रांग लागते ती तुम्हाला माहीत आहे. चढावर इंच इंच सरकताना ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक गाडी एक्सलेटरच्या पायावर तोलून धरू नका. आय ट्वेंटीच्या ऑटोमॅटिकमध्ये क्लच कोरडे, म्हणजे तेलाविना असतात, जुन्या पोलो जीटीच्या ड्युअल क्लचमध्येही (डीएसजी) तसेच. अर्धवट टेकलेले राहिले की तापतात. ब्रेक दाबून थांबा, फट पडली की एकदम सरका. हे पाळता येणार नसेल तर मॅन्युअल घ्या. पोलोची २०२० नंतरची ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरची आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी, तिला ही तक्रार नाही. रेसर मॅन्युअलच. आय ट्वेंटी एन लाइनला खरी मॅन्युअल २०२३ मध्ये मिळाली. त्याआधी क्लच पेडलच नसलेला मधलाच प्रकार होता, तो मला कधी पटला नाही.

उतार सोपा नसतो. छोट्या इंजिनाची इंजिन ब्रेकिंग, म्हणजे पाय काढल्यावर इंजिनानंच गाडी आवरणं, तोकडी असते, म्हणून आंबेनळी घाट उतरताना दुसरा गिअर सोडायचा नाही. एन लाइनला चारही चाकांना डिस्क आहेत, मारुतीच्या बलेनो आरएसलाही होत्या. पोलोला मागं ड्रम. सेकंड हँड घेताना पुढच्या डिस्कची कड बोटानं चाचपा. धार लागली तर पहिल्या मालकाचा स्वभाव कळतो.

आणि आता माझी स्वतःची फजिती. पुढच्या चाकांचं एवढं पुराण सांगणारा मी, काही वर्षांपूर्वी दोन नवे टायर घेतले ते पुढं चढवले, झिजलेले मागं. मिस्त्री मीच, सल्ला देणाराही मीच. पहिल्या पावसात कास रोडवर वळणात अचानक म्हैस दिसली आणि मी एक्सलेटर एकदम सोडला. वजन पुढं आलं, मागची बाजू हलकी झाली, झिजलेल्या टायरनं पाणी कापलं नाही, आणि गाडी गिरकी घेऊन चरात. म्हैस रवंथ करत बघत होती. पुढचा टायर घसरला तर गाडी निदान सांगून बाहेर जाते, मागचा घसरला तर ती विचारत नाही. नवी जोडी मागंच घाला. पुढचे लवकर झिजणारच.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे, टर्बो लवकर खराब होतो का? तेल वेळेवर बदललं तर नाही. घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून इंजिन बंद करू नका. तापलेल्या दांडीवरचं तेल जागीच जळून कोळसा होतं. मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवा. तेल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच, आणि मुदतीच्या थोडं आधीच बदला. सेकंड हँड पोलो बघायला गेलात तर मालकाला म्हणा, गाडी रात्रभर गार ठेव, मी सकाळी येऊन चालू करतो. मालकानं आधीच तापवून ठेवली असेल तर घरी या. चालू करताना सायलेन्सरमागं माणूस उभा करा. निळा धूर दिसला, म्हणजे तेल जळतंय, तर चहा प्या आणि निघा.

दुसरी चिठ्ठी, शेवटी पोरानं घेतली कोणती? आय ट्वेंटी, मॅन्युअल. वडिलांना चार डिस्क आवडल्या, त्याला सायलेन्सरचा आवाज. माझं मत विचाराल तर पोलोचं स्टिअरिंग मला अजून आवडतं, पण दुसऱ्याच्या पापाची गाडी घ्यायला सर्व्हिस बुक हातात पाहिजे आणि ते त्या मालकाकडं नव्हतं. चार माणसं रोज बसणार असतील तर अल्ट्रोझची मागची सीट बघा. त्या गाडीला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत सुरक्षेचे पाच तारेही मिळाले आहेत.

पोरगा आज आलाय, मागं उभा आहे. गाडी बाहेर गेटापाशी लावलीय. मी टॉर्च आणला आहे. ज्यांना झिजलेल्या टायरची कड हातानं चाचपून बघायची असेल त्यांनी माझ्याबरोबर या, पँट मळेल एवढंच.