पी. जी. टोप्या घातलेलं मंत्रिमंडळ

मंडळी, एका छायाचित्रापासून सुरुवात करतो. 1957 सालच्या 5 मार्चची रात्र उलटून 6 मार्च लागतोय. जागा अक्रा शहरातलं जुनं पोलो मैदान. गोल्ड कोस्ट नावाची पश्चिम आफ्रिकेतली ब्रिटिश वसाहत नुकतीच संपलेली आहे आणि घाना नावाचा देश काही मिनिटांचा झाला आहे. व्यासपीठावर देशाचे पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा, त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांचे मंत्री. कुणाच्याही अंगात सूट नाही. उत्तर घानात हातमागावर विणलेल्या जाड पट्ट्यांचे घोळदार सदरे घातलेत सगळ्यांनी. आणि डोक्यावर टोप्या, त्यांवर दोन इंग्रजी अक्षरं : पी. जी. म्हणजे ‘प्रिझन ग्रॅज्युएट’, तुरुंगाचा पदवीधर!

ही टोपी पाहिली की आपल्याला लगेच गांधी टोपी आठवते. नातं अगदीच नाही असं नाही. 1950 च्या जानेवारीत एन्क्रुमांनी जो संप आणि बहिष्कार पुकारला, त्यामागे गांधींच्या चळवळीचा अभ्यास होता. पण आज मला टोपीविषयी नाही, टोपीखालच्या डोक्यांविषयी बोलायचंय.

आपण सहज म्हणतो की ‘एन्क्रुमांनी मंत्रिमंडळ बनवलं’. मला वाटतं ते वाक्य उलटं वाचायला हवं. या मंत्रिमंडळानेच एन्क्रुमांना बनवलं होतं.

आता हे आको अजेई बघा. अमेरिकेत लिंकन विद्यापीठात एन्क्रुमांच्या बरोबर शिकलेले, पुढे बॅरिस्टर झालेले. 1947 मध्ये गोल्ड कोस्टमधल्या वकील-व्यापारी मंडळींनी एक पक्ष काढला आणि पूर्णवेळ सरचिटणीस व्हाल का, असं आको अजेईंना विचारलं. त्यांनी नकार दिला आणि सांगितलं, लंडनमध्ये माझा एक मित्र आहे, त्याला बोलवा. तो मित्र म्हणजे एन्क्रुमा. हे एक नाव सुचवलं गेलं नसतं तर पुढचा इतिहास कुठल्या वळणाने गेला असता, देव जाणे.

एन्क्रुमा आले ते कोजो बोत्सिओंना बरोबर घेऊन. दोन वर्षांत जुन्या मंडळींशी बिनसलं आणि 1949 मध्ये स्वतःचा पक्ष निघाला, कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी. बोत्सिओ त्याचे पहिले सरचिटणीस. आको अजेई मात्र तेव्हा जुन्यांबरोबरच राहिले आणि 1953 मध्ये इकडे आले. ‘हा उशिरा आलेला’ हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच. नव्या पक्षातल्या पोरांना प्रतिष्ठित लोक हिणवून ‘व्हरांडा बॉइज’ म्हणत. शिकलेली, पण नोकरी नाही, घर नाही, श्रीमंतांच्या ओसरीवर रात्र काढणारी पोरं. पोरांनी ती शिवीच बिल्ल्यासारखी छातीवर लावली. कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहत आर्ची केसली-हेफर्ड. पश्चिम आफ्रिकेतल्या राजकारणातल्या एका थोर बापाचे चिरंजीव, स्वतः बॅरिस्टर. मध्यरात्रीच्या त्या छायाचित्रात तेही आहेत.

आणि मग कोम्ला ग्बेडेमा. या माणसापाशी मी जरा थांबणार आहे. 1951 ची निवडणूक आली तेव्हा एन्क्रुमा अक्राच्या जेम्स फोर्ट तुरुंगात होते. एका वर्षाहून मोठी शिक्षा झालेल्याला उभं राहता येत नसे. एन्क्रुमांना एकेका वर्षाच्या तीन वेगवेगळ्या शिक्षा झाल्या होत्या, म्हणून ते कायद्यात बसले. पण तुरुंगातून प्रचार कसा करणार? ग्बेडेमा आधीच सुटून बाहेर आले होते. पक्ष त्यांनी चालवला, वर्तमानपत्र त्यांनी चालवलं, सभा त्यांनी घेतल्या. एन्क्रुमा शौचालयाच्या कागदावर सूचना लिहून चोरून बाहेर पाठवत. निकाल लागला तेव्हा अक्रा मतदारसंघात एन्क्रुमांना 23,122 पैकी 22,780 मतं! गव्हर्नर आर्डेन-क्लार्क शहाणा माणूस. त्याने 12 फेब्रुवारीला कैद्याला सोडलं आणि सरकार बनवायला बोलावलं.

त्या वर्षभराच्या काळात पक्ष ग्बेडेमांच्या खिशात होता. ठेवून घेता आला असता. त्यांनी तो जसाच्या तसा मित्राच्या हातात परत दिला. राजकारणात हे किती वेळा घडतं, तुम्हीच सांगा.

तेव्हा 1957 चं हे मंत्रिमंडळ नवशिक्यांचं नव्हतं. 1951 ते 1954 या काळात अर्थ, कायदा, संरक्षण ही खाती इंग्रजांकडेच होती. 1954 पासून सगळे मंत्री आफ्रिकन झाले आणि अर्थखातं ग्बेडेमांकडे आलं. तिथेच त्यांची कसोटी लागली. देशाचा सगळा पैसा कोकोचा. जगात कोकोचा भाव चढलेला, आणि ग्बेडेमांनी त्या ऑगस्टमध्ये कायदा आणला : शेतकऱ्याला साठ पौंड वजनाच्या गोणीमागे 72 शिलिंग, चार वर्षं, वरची रक्कम विकासासाठी सरकारकडे. हिशेब म्हणून चूक नव्हता. पण अशांती प्रदेशातल्या कोको पिकवणाऱ्याने विचारलं, झाड माझं, घाम माझा, आणि इमारती अक्रात? सप्टेंबरमध्ये अशांतीची राजधानी कुमासी इथे नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट ही सरकारविरोधी चळवळ उभी राहिली. स्वातंत्र्याआधीची दोन वर्षं मारामाऱ्या, बॉम्ब, घरं जाळणं यांत गेली. कांद्याच्या भावावरून सरकारं हादरलेली पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटायला नको.

स्वातंत्र्याच्या दिवशी संरक्षण आणि परराष्ट्र ही दोन्ही खाती एन्क्रुमांनी स्वतःकडे घेतली. बोत्सिओंकडे व्यापार आणि कामगार, आको अजेईंकडे गृह आणि न्याय, ग्बेडेमांकडे अर्थ. कुमासीचे क्रोबो एडुसेई, बोलायला तिखट, लोकांत रमणारे, आधी बिनखात्याचे मंत्री आणि त्याच वर्षी गृहमंत्री. बाई एकही नाही. आणि अक्राच्या बाजारातल्या कापडवाल्या, मासळीवाल्या बायकांनी या पक्षाला पैसा पुरवला होता, गर्दी पुरवली होती. त्यांचं ऋण असं खात्यात धरलंच गेलं नाही.

ऑक्टोबर 1957 मधला एक प्रसंग सांगतो. ग्बेडेमा अमेरिकेत होते. डेलावेअर राज्यातल्या डोव्हर गावी एका उपाहारगृहात त्यांनी संत्र्याचा रस मागितला. काळ्यांना इथे बसून पिता येणार नाही, असं उत्तर आलं. घानाचा अर्थमंत्री आहे, असं सांगूनही उपयोग नाही. ते रसही ठेवून निघाले आणि सुटे पैसेही. बातमी फुटली आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावलं. तिथे ग्बेडेमांनी गाऱ्हाणं गायलं नाही, घानातल्या व्होल्टा नदीवरच्या नियोजित धरणाचा विषय काढला. मला या माणसाचं कौतुक वाटतं ते इथे.

आता दुसरी बाजू. 1958 च्या जुलैमध्ये स्थानबद्धतेचा कायदा आला. खटल्याशिवाय पाच वर्षं आत ठेवायची मुभा. तुरुंगाचे पदवीधर हो! ज्यांच्या टोपीवर तुरुंग होता, त्यांनीच हा कायदा केला. जबाबदारी एकट्या एन्क्रुमांवर टाकणं सोयीचं आहे. पण त्या वेळी ग्बेडेमा मंत्री होते, बोत्सिओ होते, आको अजेई होते. कुणी राजीनामा दिला नाही.

1960 मध्ये प्रजासत्ताक झालं, एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष. एप्रिल 1961 मध्ये त्यांनी पहाटे रेडिओवरून मंत्र्यांच्या संपत्तीवर कोरडे ओढले. सप्टेंबरात बोत्सिओ आणि ग्बेडेमा यांचे राजीनामे मागून घेतले. ग्बेडेमा संसदेत सरकारविरुद्ध बोलले आणि लवकरच देशाबाहेर निघून गेले. एडुसेईंच्या बायकोने लंडनला 3,000 पौंडांचा सोन्याचा मुलामा दिलेला पलंग घेतल्याचं 1962 मध्ये गाजलं. तेही गेले, पण पुढे परत आले. बोत्सिओही परत आले. परत यायचं तर एकच रस्ता होता, एन्क्रुमांच्या मर्जीचा. ज्यांच्याकडे एन्क्रुमा कधी काळी मागायला जात, ते आता एन्क्रुमांकडे मागत होते.

आको अजेईंची गोष्ट सगळ्यांत वाईट. 1 ऑगस्ट 1962 ला कुलुंगुगू गावी एन्क्रुमांवर बॉम्ब टाकला गेला. परराष्ट्रमंत्री म्हणून आको अजेई त्या दौऱ्यात होते. ते ताफ्यात साहेबांपासून लांब का राहिले, असा प्रश्न निघाला आणि महिना संपायच्या आत ते गजाआड गेले. डिसेंबर 1963 मध्ये सरन्यायाधीश आर्कू कोर्सा यांच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, तर एन्क्रुमांनी सरन्यायाधीशांनाच काढलं. पुन्हा खटला, फाशीची शिक्षा, मग तिची वीस वर्षं कैद. सुटले ते 1966 मध्ये, लष्कराने फेब्रुवारीत एन्क्रुमांची सत्ता उलथल्यानंतर. सत्ता उलथली त्या दिवशी एन्क्रुमा पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये होते. मायदेशी ते जिवंत परतलेच नाहीत. 1972 मध्ये बुखारेस्टला वारले.

लंडनहून ज्याने त्यांना बोलावून घेतलं, तो मित्र त्यानंतर तीस वर्षं जगला. 2002 मध्ये अक्रात गेला. शहरातल्या एका मोठ्या उड्डाणपुलाच्या चौकाला आता त्याचं नाव आहे.