भोगीचे वऱ्हाड

भोगीची सकाळ. सोलापूरच्या उत्तर कसब्यात, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे मानकरी असलेल्या हिरेहब्बूंच्या वाड्यासमोर पाय ठेवायला जागा नाही. ज्याच्या अंगावर बघाल त्याच्या पांढरी बाराबंदी, बंदांनी बांधायचा अंगरखा. हलगीचा ठेका चढत जातो आणि एकच गजर उठतो, ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!’

आज लग्न आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, ज्यांनी या गावात तळे खोदवले, त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट एका कुंभारकन्येने धरला होता. योग्याने संसार कसा मांडायचा? सिद्धरामांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली, अशी कथा आहे. मिरवणुकीतले सात नंदीध्वज हे त्या योगदंडाचेच रूप.

सोलापूरकर त्यांना नुसते ‘काठ्या’ म्हणतात. उंचच उंच वेळूची काठी, हारांनी सजवलेली. ती एकाच माणसाने कमरेवर पेलायची आणि चालायचे. नजर वर, शेंड्याकडे; रस्ता पायांनीच ओळखायचा. दमला की दुसरा पुढे होतो, पण काठी थांबत नाही. यासाठी कितीतरी आठवडे आधीपासून रात्री सराव चालतो, आणि थोरल्यांच्या हाताखाली पोरे तयार होतात.

काठ्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिली देवस्थानाची. तिच्यामागे देशमुखांची, लिंगायत माळी समाजाची, मग विश्वब्राह्मण समाजाच्या दोन आणि मातंग समाजाच्या दोन. यातली एकही काठी मागे राहिली तर लग्न लागत नाही. मला या यात्रेतले सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. कन्नड, तेलुगू, मराठी, उर्दू बोलणाऱ्या या गिरणगावाला एकत्र चालायची सवय जुनी आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे आठवा : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. त्यांचा स्मृतिदिन यात्रेच्या तोंडावरच येतो.

आदल्या दिवशी यण्णीमज्जन झालेले असते. सिद्धरामांनी गावाभोवती स्थापलेल्या ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक करत काठ्या गावाला वळसा घालून येतात. आज मात्र वाट जुन्या पेठांतून. दत्त चौक, सोन्या मारुती, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा. गच्च्या, खिडक्या, दुकानांच्या पायऱ्या माणसांनी भरलेल्या. अरुंद गल्लीत काठी झुकली की सगळ्यांचा श्वास अडकतो. ती सावरली की ‘हर्र’चा गजर दुप्पट होतो.

दुपारी तळ्याकाठच्या मंदिरात, सम्मती कट्ट्यावर, म्हणजे लग्न लागते त्या ओट्यावर, लग्नाची वचने म्हटली जातात. ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्’ ऐकू आले की हजारो हातांतून अक्षता उडतात. वधू नाही, वर नाही, तरी इथला प्रत्येक जण वऱ्हाडी असतो.

संक्रांतीला होम. पेंढीची कुंभारकन्या शालू नेसवून, बांगड्या भरून अग्नीच्या स्वाधीन केली जाते. काल जिच्यावर अक्षता टाकल्या, तिला आज निरोप द्यायचा. बायका पदर डोळ्यांना लावतात. त्याच रात्री दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, विडा ठेवतात. ते कशाला तोंड लावते, बिचकते की शांत राहते, यावरून पावसापाण्याची भाकणूक होते आणि शेतकरी कान देऊन ऐकतात.

तुम्ही येणार असाल तर भोगीला सकाळीच कसब्यात या. पांढरे कपडे घाला, खिशात मूठभर अक्षता ठेवा आणि कडेला उभे न राहता सातव्या काठीमागून चालू लागा.