तारेपलीकडचे थोरात

हे हेलिकॉप्टर अमेरिकन जहाजावरून उडालंय, पण आत बसलेत आपले जवान. सप्टेंबर १९५३. कोरियातलं युद्ध थांबलंय, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण भारताकडे आलीय. खाली दिसते ती दक्षिण कोरियाची जमीन. तिच्यावर भारतीयांनी पाऊल ठेवायचं नाही, अशी तिथले अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांची ताकीद. मग काय, इंचॉनच्या समुद्रातून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात. खेपेवर खेप. पाच हजारांहून जास्त माणसं अशी अधांतरी नेली.

या फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात. आपल्या कोल्हापूरकडच्या वडगावचे. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉला पलटण घेऊन लढले, डीएसओ ही ब्रिटिशांची लष्करी सन्मानपदवी मिळवली. इथे मात्र काम राखणदाराचं. या कैद्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, त्यामुळे कोरिया म्हटलं की नाव त्यांचंच निघतं. कैद्यांच्या छावणीच्या तारेला खेटून उभे होते ते थोरात.

आणि तारेआड हे बघा. मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी. हातांवर कम्युनिस्टांविरुद्धच्या घोषणा गोंदलेल्या.

एके दिवशी चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून डांबलं. बाहेर बंदुका तयार होत्या. थोरात मोजके अधिकारी घेऊन निःशस्त्र आत शिरले. भोवती जमाव, आरडाओरडा. साहेबांनी काय करावं? पाहुणा घरी आलाय आणि साधा चहा नाही, सिगारेट नाही, असं त्यांनाच सुनावलं! कुणीतरी सिगारेट पुढे केली. चहा आला. बोलणं सुरू झालं. मेजर सुटला. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं, आजचं कीर्तिचक्र.

हा तंबू. कैद्याला इथे बसवायचं, त्याच्या देशाचा माणूस समजावणार, परत चल. मग समोर दोन दारं. एक घराकडे, दुसरं पुन्हा छावणीत. जबरदस्ती करायची नाही, यावर भारत अडून राहिला. बहुतेकांनी छावणीचंच दार धरलं.

ऑक्टोबरात दंगा झाला, गोळीबार झाला, काही कैदी मेले. जानेवारी १९५४ मध्ये बाकीच्यांना सोडलं. चिनी बहुतेक तैवानला गेले.

काहींना मात्र दोन्ही बाजू नको होत्या. ते आपल्या जवानांबरोबर बोटीत चढले, मद्रासला उतरले.