आइसलंड कशावर जगतो? क्षेत्रांचे वाटे आणि त्यांचा हिशेब

नमस्कार. आज एकाच देशाचा हिशेब मांडायचा आहे. आइसलंडचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र चार लाखांच्याही आत, आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश लोक राजधानी रेक्याविक आणि तिच्या आसपास राहतात. हा देश निवडण्याचं कारण असं, की मोठ्या देशात एक कारखाना उघडला किंवा बंद पडला तर तो सरासरीत हरवून जातो. इथे तसं होत नाही. एक विमान कंपनी बुडाली, एका जातीची मासळी आली नाही, की ते थेट राष्ट्रीय आकड्यांत दिसतं. अर्थव्यवस्थेतला पैसा कुठून कुठे जातो, हे इथे उघड्या डोळ्यांनी पाहता येतं.

'कुठल्या क्षेत्राचा वाटा किती?' या प्रश्नाचं उत्तर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तक्त्यात शोधलं, तर आधी सेवा क्षेत्र दिसतं: दोन तृतीयांशाहून अधिक. त्यात सरकारी कारभार, शिक्षण आणि आरोग्य मिळून साधारण पाचवा हिस्सा. घरबांधणी वेगळी धरली, तरी नुसतं 'स्थावर मालमत्ता' या नावाखाली दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम असते. मासेमारी आणि मासळीप्रक्रिया सहा ते आठ टक्के. शेती, म्हणजे मुख्यतः मेंढ्या, दूध आणि गरम पाण्यावर चालणारी काचघरं, एक टक्क्याच्या आसपास. हा तक्ता वाचून कुणी म्हणेल, मासळीचं एवढं कौतुक कशाला?

त्या तक्त्यातल्या दोन ओळी जरा जवळून पाहू. स्थावर मालमत्तेच्या आकड्यात मोठा भाग अशा भाड्याचा असतो, जे कुणी कुणाला दिलेलंच नसतं. माणूस स्वतःच्या घरात राहतो, तेव्हा तेच घर भाड्यानं घेतलं असतं तर किती पडलं असतं, याचा अंदाज करून ती रक्कम उत्पादनात धरतात. ही पद्धत सगळीकडे आहे आणि ती योग्यही आहे, नाहीतर भाडेकरू जास्त असलेला देश विनाकारण श्रीमंत दिसेल. पण या ओळीतून एक डॉलरही देशात येत नाही. सरकारी सेवांचं असंच आहे. शाळा-दवाखान्यांच्या सेवेला बाजारभाव नसतो, म्हणून पगार, खरेदी आणि झीज यांची बेरीज हेच त्यांचं उत्पादन मानतात. पगार वाढले की रुपयांत, म्हणजे इथे क्रोनांत, 'उत्पादन' वाढतं.

आता दुसरा तक्ता घ्या, वस्तूंच्या निर्यातीचा. इथे मासळी आणि ॲल्युमिनियम मिळून सत्तर टक्क्यांच्या आसपास जातात. सेवांच्या निर्यातीत पर्यटन सगळ्यांच्या पुढे. आइसलंडला धान्य, इंधन, गाड्या, औषधं, यंत्रं, लाकूड, बहुतेक फळं बाहेरून आणावी लागतात. ज्या देशाचं घरचं चलन देशाबाहेर कुणी घेत नाही, त्याच्यासाठी परकीय चलन आणणारी क्षेत्रं आणि उरलेली क्षेत्रं यांच्यात हा फरक करावाच लागतो. म्हणून वाटा विचारताना कशातला वाटा, हे आधी ठरवा: उत्पादनातला, रोजगारातला, निर्यातीतला, की देशात शेवटी उरणाऱ्या पैशातला.

या शेवटच्या प्रश्नासाठी ॲल्युमिनियम हे उत्तम उदाहरण आहे. १९६७-६८ मध्ये हेरिंग मासळी जवळजवळ नाहीशी झाली आणि दोन वर्षांत क्रोनाचं दोनदा अवमूल्यन करावं लागलं. एकाच मासळीवर देश उभा असण्याचा धोका त्या वेळी सगळ्यांना कळला. त्याआधीच, १९६५ मध्ये, लान्ट्सविर्क्युन ही राष्ट्रीय वीज कंपनी स्थापन झाली होती. १९६९ मध्ये बुर्फेल जलविद्युत केंद्र आणि त्याच्या विजेवर चालणारा स्ट्रॉइम्सविकचा ॲल्युमिनियम कारखाना सुरू झाला. पुढे १९९८ मध्ये ग्रुन्डार्टांगीचा कारखाना, आणि २००७ मध्ये पूर्व किनाऱ्यावर अल्कोआ या अमेरिकी कंपनीचा कारखाना. या शेवटच्या कारखान्याची क्षमता वर्षाला सुमारे ३ लाख ४६ हजार टन, आणि त्याच्यासाठी काराह्न्युकार प्रकल्पात ६९० मेगावॅटचं केंद्र बांधलं गेलं. देशातली जवळजवळ दोन तृतीयांश वीज एरवी हे तीन कारखाने घेतात.

एका टनाचा हिशेब मांडू. भाव रोज बदलतात, म्हणून गणितापुरते गोल आकडे धरतो. एक टन ॲल्युमिनियमचे २५०० डॉलर आले असं समजा. त्याला सुमारे १.९ टन ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं शुद्ध केलेलं ऑक्साइड, लागतो, तो पूर्ण आयात, धरा ७७० डॉलर. कार्बनचे ॲनोड, म्हणजे भट्टीत वीज सोडणारे ठोकळे, आणि इतर रसायनं, तीही आयात, ३५०. वीज साधारण १४ ते १५ मेगावॅट-तास, म्हणजे ५१० डॉलर. दुरुस्ती, वाहतूक, बंदर, बाहेरची कामं २२०, त्यातली निम्मी देशातल्या कंपन्यांकडे. एकूण खरेदी झाली १८५०. उरले ६५० डॉलर. हे कारखान्याचं मूल्यवर्धन, आणि उत्पादनाच्या तक्त्यात कारखान्याच्या नावावर एवढंच चढतं. त्यातले २०० पगाराचे धरले, तर उरलेले ४५० झीज, व्याज आणि नफा, आणि मालक परदेशी. मग देशात काय राहिलं? विजेचे ५१०, पगाराचे २००, कंत्राटदारांचे ११०, म्हणजे ८२० डॉलर, वर नफ्यावरचा कर. निर्यातीत २५०० दिसले, देशात उरला जेमतेम एक तृतीयांश. शिवाय धरणासाठी डॉलरमध्ये काढलेलं कर्ज फिटेपर्यंत विजेच्या ५१० मधूनही व्याज बाहेर जात राहतं.

मासळीच्या १०० डॉलरमधून मात्र डिझेल, जाळी, यंत्रं, खोकी एवढंच बाहेर जातं. मासा घरचा, बोट घरची, मालक घरचा. म्हणून निर्यातीच्या तक्त्यात शेजारी शेजारी बसलेले हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. विद्यार्थी नेहमी इथेच चुकतात: निर्यातीची उलाढाल घेतात आणि तिला सकल उत्पादनानं भागतात. उलाढालीत आयात केलेला माल मिसळलेला असतो, उत्पादनात तो वजा झालेला असतो. असा भागाकार करून येणारी टक्केवारी निरर्थक.

ॲल्युमिनियमच्या कारखान्यात धोका कुठे असतो, तेही सांगतो. भट्टीत सुमारे ९६० अंश तापमानाच्या वितळलेल्या क्षारात ॲल्युमिना विरघळवून त्यातून प्रचंड वीजप्रवाह सोडतात. अल्कोआच्या कारखान्यात अशा ३३६ भट्ट्या एकामागोमाग एक जोडलेल्या आहेत. वीज काही तास गेली तर आतला रस गोठतो, आणि गोठलेली भट्टी पुन्हा चालू करणं हे महिन्यांचं आणि कोट्यवधींचं काम होऊन बसतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्रुन्डार्टांगीला विद्युत उपकरणात बिघाड झाला, दोनपैकी एक रांग बंद करावी लागली आणि उत्पादन दोन तृतीयांशानं घटलं. साडेतीन-चार लाख लोकांच्या देशात ही बातमी एका कंपनीपुरती राहत नाही. वीज कंपनीचं उत्पन्न, बंदराची वर्दळ, गावाचा कर, निर्यातीचा तिमाही आकडा, सगळीकडे ती पोहोचते.

आता मासळीकडे. इथे मला सर्वांत जास्त वेळ घालवायचा आहे, कारण या देशानं थोड्या मालातून जास्त पैसा काढण्याची जी पद्धत बसवली, ती खरोखर अभ्यासण्यासारखी आहे. आइसलंडनं मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२ सागरी मैल, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० सागरी मैल केली. ब्रिटनशी त्यावरून झालेला संघर्ष १९७६ मध्ये मिटला. परके ट्रॉलर गेले, पण घरच्या बोटी वाढल्या. १९८१ मध्ये कॉड या मुख्य मासळीची पकड सुमारे ४ लाख ६० हजार टनांवर गेली, आणि मग ती घसरू लागली. १९८४ मध्ये प्रत्येक बोटीला मागच्या तीन वर्षांच्या पकडीवरून कोटा ठरवून दिला. १९९० च्या कायद्यानं तो कोटा विकता येण्याजोगा झाला.

पद्धत अशी चालते. मासेमारीचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. सागरी संशोधन संस्था साठ्याचा अंदाज देते. कॉडसाठी नियम ठरलेला आहे, पकडण्याजोग्या साठ्याच्या सुमारे २० टक्केच काढायचे. १९९५ मध्ये नियम आला तेव्हा हे प्रमाण २५ टक्के होतं. एकूण मर्यादा ठरली की प्रत्येकाच्या टक्केवारीप्रमाणे टन ठरतात. एका कंपनीला एकूण कोट्याच्या १२ टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. आज कॉडची पकड १९८१ च्या निम्म्याहूनही कमी आहे.

कोटा ठरलेला असला की मालकाला जास्त टन पकडून उपयोग नसतो, प्रत्येक किलोला जास्त भाव मिळवावा लागतो. इथून पुढची सगळी साखळी त्यातून आली. मासा बोटीवर येताच रक्त काढायचं, पोट साफ करायचं, शून्याच्या आसपास थंड करायचा. रक्त नीट निघालं नाही तर तुकडा तांबूस पडतो आणि दर्जा उतरतो. कारखान्यात क्ष-किरण यंत्र बारीक काटे शोधतं आणि पाण्याची तीव्र धार नेमकी काट्यांची पट्टी कापून काढते. ही यंत्रं बनवणारी मारेल कंपनी १९८३ मध्ये इथेच उभी राहिली. हलत्या बोटीवर अचूक वजन देणारा वजनकाटा हे तिचं सुरुवातीचं उत्पादन. वाळवलेली डोकी नायजेरियाला जातात, यकृताचं तेल निघतं, गाभोळी वेगळी विकली जाते. कातडीपासून जखमेवर लावायचं आवरण बनवणारी केरेसिस ही इसाफ्योर्दूर गावातली कंपनी २०२३ मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्टनं विकत घेतली, किंमत १.३ अब्ज डॉलरपर्यंत. आता प्रश्न असा, की मारेलची यंत्रं आणि केरेसिसचं आवरण कुठल्या क्षेत्रात मोजायचं? तक्त्यात एक यंत्रनिर्मितीत जातं, दुसरं वैद्यकीय साहित्यात. मासळीच्या सहा-आठ टक्क्यांत यातलं काहीच नसतं.

या व्यवस्थेतला अन्यायही सांगायला हवा. पहिला कोटा फुकट मिळाला. ज्यांच्याकडे तो होता त्यांनी तो विकला, आणि काही किनारी गावांतून बोटी कायमच्या गेल्या. मासा राष्ट्राचा, असं कायदाच म्हणतो. म्हणून कंपन्यांकडून शुल्क घेतात, हिशेबानं काढलेल्या नफ्याच्या ३३ टक्के. पण बोटही त्याच कंपनीची आणि कारखानाही तिचाच असेल, तर बोटीनं कारखान्याला मासा कुठल्या भावानं दिला हे कंपनीच ठरवते. भाव कमी दाखवला की शुल्क घटतं, आणि खलाशांना पकडीच्या किमतीतून हिस्सा मिळत असल्यानं त्यांचंही नुकसान होतं. जुलै २०२५ मध्ये संसदेनं दीर्घ वादावादीनंतर कॉड आणि हॅडॉक या दोन जातींच्या मासळीसाठी लिलावातला बाजारभाव आधार धरला. माझ्या मते ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

बँकांबद्दल थोडक्यात. २००८ पर्यंत तीन मोठ्या बँकांची मालमत्ता देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या नऊ-दहा पट झाली होती. ऑक्टोबरमधल्या एका आठवड्यात तिन्ही पडल्या. परकीय चलनावरची बंधनं नोव्हेंबर २००८ मध्ये लागली, ती मार्च २०१७ मध्ये बहुतांशी उठली. बँका पडेपर्यंत तक्त्यात वित्त क्षेत्राचा वाटा भरभराटीचं लक्षण म्हणून वाचला जात होता. बाहेरून घेतलेल्या कर्जावर तो वाढतोय, हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं.

क्रोना निम्म्यावर आला आणि आइसलंड परदेशी लोकांना स्वस्त झाला. २०१० मध्ये ४ लाख ९० हजारांच्या आसपास असलेले पर्यटक २०१८ मध्ये सुमारे २३ लाख झाले. उत्पादनातला पर्यटनाचा वाटा आठ-नऊ टक्क्यांपर्यंत गेला. पण एका क्षेत्राची भरभराट दुसऱ्याला कशी टोचते, तेही तेव्हाच दिसलं. पर्यटकांच्या चलनानं क्रोना वधारला. २०१६ च्या सुरुवातीला युरोला १४० च्या आसपास क्रोना मिळत, दीड वर्षात ते ११५ च्याही खाली आले. मासळी निर्यातदाराला युरोत तोच भाव मिळाला, पण पगार द्यायला हातात क्रोना कमी. उलट मदतही झाली: ताज्या कॉडचे तुकडे प्रवासी विमानांच्या पोटातून युरोप-अमेरिकेला जातात, आणि पर्यटक वाढले म्हणून विमानं वाढली. २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा हा मार्गही आटला.

२०१९ चं वर्ष तर पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. २८ मार्चला वाव एअर ही आइसलंडची विमान कंपनी बुडाली. त्याच वर्षी कॅपलिन या छोट्या मासळीचा हंगामच झाला नाही. तरी उत्पादन घटलं नाही, थोडं वाढलंच. कारण पर्यटक घटले तशी त्यांच्यासाठी होणारी आयात, म्हणजे भाड्याच्या गाड्या, इंधन, खाद्यपदार्थ, विमानांचा खर्च, हीही घटली. उत्पादनात निर्यात अधिक होते तशी आयात उणे होते, हे सूत्र पाठ असतं, पण तिथे ते प्रत्यक्ष घडलं.

एक क्षेत्र या सगळ्या तक्त्यांत जवळजवळ दिसतच नाही. साधारण ९० टक्के घरं जमिनीखालच्या गरम पाण्यानं उबदार राहतात. १९७० च्या आसपास निम्म्या घरांत तेल जळत होतं. १९७३ च्या तेलटंचाईनंतर नळ घालण्याचं काम झपाट्यानं झालं. हे पाणी स्वस्त, म्हणून उत्पादनातला त्याचा आकडा लहान. वाचलेल्या तेलाची आयात कुठल्याच ओळीत लिहीत नाहीत.

आणि ही क्षेत्रं एकमेकांपासून सुटी नाहीत. २०२१-२२ च्या हिवाळ्यात, मासळीचे दोन हंगाम पूर्ण वाया गेल्यावर आणि एक तोकडा ठरल्यावर, कॅपलिनचा सुमारे ९ लाख टनांचा कोटा जाहीर झाला. त्याच हिवाळ्यात धरणांत पाणी कमी भरलं होतं. वीज कंपनीनं स्वस्त पण खंडित करता येणाऱ्या करारावरच्या ग्राहकांची वीज तोडली. त्यात मासळीची भुकटी करणारे कारखाने आले. त्यांनी विजेचे बॉयलर बंद केले आणि आयात केलेलं तेल जाळून कॅपलिन वाळवली. निर्यातीचा आकडा फुगला, त्याच्या शेजारी तेलाची आयातही वाढली, आणि त्या वर्षी मासळीनं देशाला किती दिलं, हे काढायला वीज कंपनीची वही उघडावी लागते.