पिल्सेनमधील बिनतिकिटाचे संग्रहालय

शिकागो शहराच्या पिल्सेन भागात, हॅरिसन पार्कमध्ये असलेली ही इमारत एकेकाळी होड्या बांधण्याची कार्यशाळा होती. २७ मार्च १९८७ रोजी तिचे दरवाजे मेक्सिकन कलेचे संग्रहालय म्हणून उघडले आणि तेव्हापासून आजतागायत येथे प्रवेशासाठी कोणाकडूनही शुल्क घेतलेले नाही.

पिल्सेन हे नाव येथे स्थायिक झालेल्या चेक लोकांनी आपल्या मायदेशातील शहरावरून दिले. १९६० च्या दशकात जवळच्याच भागात इलिनॉय विद्यापीठाचा परिसर उभारण्यासाठी वस्त्या हटवण्यात आल्या, तेव्हा तेथून उठलेली अनेक मेक्सिकन कुटुंबे या बाजूला सरकली आणि पाहता पाहता चेक मोहल्ल्याचा चेहरामोहरा बदलला. याच समाजातील कार्लोस तोर्तोलेरो आणि त्यांच्या शिक्षक सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये संस्थेची स्थापना केली, तेव्हा त्यांच्या गाठीला अवघे ९०० डॉलर होते. शहराच्या मध्यभागी, नामांकित संग्रहालयांच्या पंगतीत जागा मिळवण्यासाठी धडपडण्याऐवजी त्यांनी कष्टकऱ्यांची वस्ती निवडली. संस्थेचे बाकी सारे वेगळेपण या एका निर्णयातून आले आहे, असे म्हटले तरी चालेल. २००१ मध्ये इमारतीचा विस्तार झाला, तर २००६ मध्ये संस्थेने ‘राष्ट्रीय मेक्सिकन कला संग्रहालय’ हे नाव धारण केले.

मेक्सिकन संस्कृती देशाच्या सीमेपाशी संपत नाही, ही येथील मूळ धारणा असल्यामुळे प्राचीन मृत्पात्रांपासून शिकागोतील आजच्या चित्रकारांच्या कामापर्यंत सर्व काही एकाच परंपरेचा भाग म्हणून मांडले जाते. ही मांडणी केवळ गौरवाची नाही. २००६ मधील एका मोठ्या प्रदर्शनाने मेक्सिकोच्या इतिहासातील आफ्रिकी वंशाच्या लोकांचे स्थान पुढे आणले. सतराव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश सत्तेशी झुंजून आपल्या माणसांसाठी स्वतंत्र वसाहत मिळवणारा यांगा हा त्या कथनाचा प्रारंभबिंदू होता. स्वतःच्याच समाजाने दुर्लक्षिलेली बाजू त्याच समाजासमोर ठेवायला धाडस लागते.

दरवर्षी शरद ऋतूत येथे सर्वाधिक वर्दळ असते ती ‘दिआ दे लोस मुएर्तोस’, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनामुळे. ‘ओफ्रेंदा’ नावाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वेदीवर दिवंगताचे छायाचित्र, त्याच्या आवडीचे पदार्थ, पाणी, मीठ, मेणबत्त्या आणि साखरेच्या कवट्या ठेवल्या जातात. वर टांगलेल्या रंगीत पताकांची नक्षी कात्रीने कापलेली नसते. झिरझिरीत कागदांची चवड एकावर एक रचून, त्यावर छिन्नी ठेवून हातोडीने ती ठोकली जाते, त्यामुळे एका वेळी अनेक पताका तयार होतात. सगळीकडे पिवळ्या-केशरी झेंडूची रास असते. हा झेंडू मूळचा तिकडचाच, हे दसऱ्याला दाराला त्याचे तोरण बांधणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसते.

या संग्रहातील मुद्राचित्रांमध्ये कार्लोस कोर्तेस यांच्या कामापाशी थांबणे अगत्याचे आहे. मेक्सिकन वडील आणि जर्मन वंशाची आई यांच्या पोटी १९२३ मध्ये जन्मलेला हा कलावंत आयुष्यभर कामगार चळवळीत राहिला. लिनोलियमवर आणि लाकडावर कोरलेल्या ठशांतून त्यांनी संपकरी, कामगार नेते आणि क्रांतिकारक चितारले. जाड, काळ्या रेषांची ही चित्रे भिंतीवर चिकटवण्यासाठी आणि हातोहाती वाटण्यासाठी होती, श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हे. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. आपले ठसे त्यांनी या संग्रहालयाच्या स्वाधीन केले, पण एक अट घालून: चित्रांच्या किमती बाजारात चढू लागल्या, तर त्याच ठशांवरून आणखी प्रती छापाव्यात आणि भाव खाली आणावा.