ढोल्या गणपतीची पाठ

श्रोतेहो, नमस्कार.

वाईचा ढोल्या गणपती तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असणार. आपल्या सातारा जिल्ह्यातला माणूस वाईला जाऊन त्या गणपतीपुढे हात न जोडता परतला, असं सहसा होत नाही. पण मी आज वेगळंच विचारणार आहे. तुम्ही त्या देवळाची पाठ पाहिली आहे का? पुढून दर्शन घेतलं, नारळ वाढवला, घटकाभर घाटाच्या पायऱ्यांवर बसलो आणि निघालो. पाठ बघायची राहून जाते. त्या देवळाचं शहाणपण तर पाठीतच आहे.

हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. बांधलं ते थेट कृष्णेच्या घाटावर. पावसाळ्यात नदी धोमाकडून फुगून येते, तेव्हा देऊळ तिच्या वाटेतच असतं. म्हणून मागची भिंत सरळ ठेवली नाही. दोन बाजू तिरप्या येतात आणि टोकाला मिळतात. माशाच्या तोंडासारखी, किंवा होडीच्या नाळेसारखी म्हणा. पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर चित्र दाखवता येत नाही: देवळाची पाठ टोकदार आहे, आणि ते टोक येणाऱ्या पाण्याकडे आहे.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. माझं आजोळ वाईचं. मी दहा वर्षांचा असेन. धोमचं धरण तेव्हा व्हायचं होतं, त्यामुळे कृष्णामाई आपल्या मनाची होती. श्रावण चालू होता, चार दिवस सूर्य दिसला नव्हता, मामीने ओले कपडे चुलीशेजारी वाळत घातले होते. पहाटे आळीतून कुणीतरी ओरडत गेलं, "पाणी चढलं! पाणी चढलं!" आम्ही पोरं अनवाणी धावलो. घाट कुठे दिसतच नव्हता. बायका खणानारळाने नदीची ओटी भरायला उभ्या होत्या आणि पुढे जायला धजत नव्हत्या. देऊळ पाण्यात उभं. मी रडायला लागलो, की आता आपला गणपती वाहून जाणार.

आळीत एक गवंडीकाम करणारे आजोबा राहायचे. आम्ही त्यांना गवंडीआजोबाच म्हणायचो. त्यांनी माझा दंड धरला आणि उंचावरच्या एका ओट्यावर नेऊन उभं केलं. म्हणाले, "रडू नकोस. पाठीकडं बघ."

तेवढ्यात वरून एक उंबराचं झाड आलं. अख्खं, मुळांसकट, गरगर फिरत. ते सरळ देवळावर येत होतं. बायका ओरडल्या, मी डोळे मिटले. मग आजोबांनी मला हलवलं. "बघ, बघ!" झाडाचा बुंधा त्या टोकाला लागला, क्षणभर थबकला आणि हळूच वळला. देवळाच्या कुशीला फांद्या घासत झाड पुढे निघून गेलं. लोकांनी "मोरया!" म्हणून हाळी दिली. मी म्हणालो, "आजोबा, गणपतीने झाड वळवलं!" तर म्हणाले, "पाथरवटानं वळवलं रं. त्या पाथरवटाला बुद्धी गणपतीनं दिली. आता जोड हात."

गोष्ट इथे संपत नाही. दोन दिवसांनी पाणी ओसरलं, तसं त्यांनी आम्हा पोरांना शेताकडच्या ओढ्यावर नेलं. काळी माती मळली आणि विटेएवढी दोन देवळं केली. एकाची पाठ सपाट, दुसऱ्याची माशासारखी. दोन्ही ओढ्याच्या धारेत ठेवली आणि सांगितलं, आता बोलायचं नाही, बघायचं. सपाट पाठीवर पाणी आपटलं, दोन्ही कोपऱ्यांवर भोवरे झाले, आणि ते भोवरे खालची वाळू चाटून न्यायला लागले. देवळाला काही झालं नव्हतं, पण त्याच्या खालचीच जागा गेली. ते कललं आणि आडवं पडलं. दुसऱ्या देवळाजवळ पाणी आलं, दुभंगलं आणि दोन्ही अंगांनी सरळ निघून गेलं. आजोबा म्हणाले, "पाणी भिंत पाडत नाही, पाया उघडा पाडतं. मग भिंत आपली आपण पडते." श्रोतेहो, हे वाक्य घर बांधणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. पाणी आधी पाया उघडा पाडतं. ते मातीचं मासोळी देऊळ मी इतका वेळ बघत बसलो, की मामा जेवायला हाक मारत ओढ्यापर्यंत आला.

जुन्या दगडी पुलांचे खांब पाहा, वरच्या अंगाला तशीच टोकं असतात. ही भिंत पाण्याला अडवत नाही. मोठ्या पुरात पाणी देवळाला वेढतं, आतही येतं, पण त्याचा जोर दोन्हीकडे वाटला जातो. ओढ्याकाठी, नदीकाठी पोरांना असं काही दाखवायला हवं. आणि पोहायलाही नदीतच शिकवावं, पाठीला सुका भोपळा बांधून, कुणी जाणतं माणूस बरोबर घेऊन. तलावात शिकलेल्या पोराला पाण्याची ओढ कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बाकीचं देऊळ तुम्ही पाहिलेलंच आहे. गणपतीची मूर्ती एकाच पाषाणातली, अंगाने एवढी भव्य की लोकांनी प्रेमाने ढोल्या म्हटलं. पुढे कमानींचा सभामंडप, वर उंच शिखर. पसरणीचा घाट उतरताना गावात तेच शोधा. शेजारी काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, १७५७ सालचं, तेही रास्त्यांचंच. तिथल्या नंदीचा दगड असा घोटलेला आहे की हात फिरवावासा वाटतो. हात फिरवा, पण अशा दगडांना तैलरंग फासू नका, ही माझी गावोगावच्या मंडळींना कळकळीची विनंती आहे. दगडाच्या अंगात मुरलेलं पाणी बाहेर यायला वाट लागते. रंगाने ती बुजते, आणि मग पापुद्रे सुटतात.

परवा वाईला गेलो होतो. दर्शन झाल्यावर मागे गेलो आणि त्या टोकावर हात ठेवला. चिऱ्यांचे सांधे अजून इतके घट्ट आहेत, की नखही आत जाईना. खाली घाटावर एक आजी पानाच्या द्रोणात दिवा सोडत होती. पाणी संथ होतं, द्रोण काठाकाठाने गेला.

नमस्कार.